टोकन देण्याआधीचा हिशेब: पुण्यात घर घेताना किमतीच्या वर काय काय लागतं

माझा मावसभाऊ लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आला, चार वर्षं वारज्यात भाड्याने राहिला आणि मग नऱ्ह्यात दोन बेडरूमचा फ्लॅट ठरवून पेढे घेऊन माझ्याकडे आला. किंमत ६८ लाख, बांधकाम सुरू. त्याचं गणित सरळ होतं. "दादा, बँक ऐंशी टक्के देतेय. राहिले साडेतेरा लाख. चौदा आहेत माझ्याकडे."

मी म्हटलं, पेढा खातो, पण आधी बिल्डरने दिलेली कॉस्ट शीट दाखव. त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तोच इथे क्रमाने देतोय. अधूनमधून आईच्या जुन्या फ्लॅटचाही दाखला येईल, कारण नव्या घराचा आणि रिसेलच्या घराचा वरखर्च वेगवेगळा असतो आणि लोकांची गल्लत बहुतेक तिथेच होते.

१. बँक नेमके कशावर पैसे देते

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के देता येतात. आता यातला 'घराची किंमत' हा शब्द नीट बघा. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि कागदपत्रांचा खर्च या किमतीत धरला जात नाही. (घर १० लाखांच्या आतलं असेल तर सूट आहे, पुण्यात १० लाखांत घर मिळालं तर मलाही कळवा.)

म्हणजे हे पैसे तुमच्या खात्यातून जायचे. आणि तेही सावकाश नाही. बँक पहिला हप्ता सोडते तो नोंदणी झालेला करारनामा बघून. नोंदणी होते ती शुल्क भरल्यावर. त्यामुळे कर्ज मंजुरीचं पत्र हातात असलं तरी सगळ्यात आधी हलतात ते तुमचेच पैसे.

२. घर कुठल्या जातीचं आहे ते ठरवा

बांधकाम चालू असलेलं, पूर्ण होऊन भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेलं पण अजून बिल्डरकडे असलेलं, आणि रिसेल. मुद्रांक शुल्क तिघांनाही लागतं. जीएसटी फक्त पहिल्याला. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क फक्त तिसऱ्याला.

यात 'रेडी पझेशन' या शब्दावर विसंबू नका. लिफ्ट चालू आहे, खालच्या मजल्यावर दोन कुटुंबं राहायला आलीत, नळाला पाणी आहे, तरी महापालिकेचं भोगवटा पत्र नसेल तर कराच्या दृष्टीने ते घर बांधकामाधीनच. पत्राची प्रत मागा, त्यावरची तारीख बघा, आणि ते पत्र तुमच्याच इमारतीचं आणि तुमच्याच मजल्यापर्यंतचं आहे का तेही बघा. मोठ्या प्रकल्पांत पत्रं तुकड्यातुकड्याने मिळतात.

३. मुद्रांक शुल्क: सगळ्यात मोठा आकडा

पुणे महापालिका हद्दीत घराच्या खरेदीवर एकूण ७ टक्के लागतात. यात मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के, स्थानिक संस्था कराच्या नावाने १ टक्का आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का. मेट्रोचा टक्का मधली काही वर्षं स्थगित होता, १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. ज्यांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये घर घेतलं, त्यांना सरकारने मूळ दरात ३ टक्क्यांची सूट दिली होती. ते लोक अजून त्याच आठवणीत असतात, त्यांचा सल्ला या बाबतीत घेऊ नये.

हद्द कुठली हे पत्त्यावरून ओळखू नका. नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक यांसह २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्याआधी २०१७ मध्ये धायरी, लोहगाव, आंबेगाव वगैरे ११ आली होती. उलट उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर काढून तिथे वेगळी नगरपरिषद झाली. हिंजवडीसारखी ग्रामपंचायतीतली गावं आणखी निराळी. दर हद्दीनुसार बदलतो, त्यामुळे गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर घेऊन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर एकदा स्वतः बघा.

आता हे ७ टक्के कशावर? करारातली किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांत जे जास्त असेल त्यावर. सरकारी मूल्यांकन निघतं वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. नवे दर आले तर ते साधारणपणे १ एप्रिलला लागू होतात. म्हणून दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयांत जत्रा भरते. बिल्डरकडच्या नव्या घराची किंमत बहुधा रेकनरच्या वरच असते, तिथे प्रश्न येत नाही. रिसेलला येतो.

आईने घेतलेला फ्लॅट ५२ लाखांना ठरला होता. वकिलांनी मूल्यांकन काढलं, ते आलं ५५ लाख. मग शुल्क ५५ वर. मला वाटलं जुन्या इमारतीला घसारा मिळतो, त्याने कमी होईल. मिळतो, पण तो धरूनच ते ५५ आले होते. उंच इमारतीत वरच्या मजल्यांना रेकनर उलट चढतो, हेही तेव्हाच कळलं. मूल्यांकन करताना रेरा या बांधकाम क्षेत्राच्या कायद्यातल्या कार्पेटला, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्राला, १.१ ने गुणून बांधीव क्षेत्र काढतात. करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये नीट लिहिलेलं नसेल तर आकडा भलतीकडेच जातो.

या फरकाला आणखी एक शेपूट आहे, आणि ते आयकराचं. सरकारी मूल्यांकन तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल (आणि फरक ५० हजारांच्या वर असेल), तर तो सगळा फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. आईच्या बाबतीत ५२ लाखांचे १० टक्के म्हणजे ५ लाख २० हजार, फरक होता ३ लाख. वाचलो. स्वस्तात मिळतंय म्हणून खूश होताना हे गणित आधी करा.

*बाईच्या नावावर घेतलं तर?* महाराष्ट्रात महिलांना निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे पुण्यात ७ ऐवजी ६. सुरुवातीला पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती नंतर काढली. पण सवलत मिळते ती घेणाऱ्या सगळ्या महिलाच असतील तरच. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ७ टक्के. आईच्या एकटीच्या नावावर घेतल्यामुळे आमचे ५५ हजार वाचले.

मावसभाऊ लगेच म्हणाला, मग मीही बायकोच्या एकटीच्या नावावर घेतो, ६८ हजार वाचतील. थांब म्हटलं. कर्जाचा हप्ता तू भरणार, पण घराचा मालक तू नसशील तर जुन्या करप्रणालीत व्याजाची आणि मुद्दलाची वजावट तुला मिळणार नाही. वहिनींना पगार असेल आणि हप्ता त्यांच्या खात्यातून जाणार असेल तर खुशाल घ्या. नाहीतर एकदाचे ६८ हजार आणि पुढच्या वीस वर्षांची वजावट यांची तुलना करून मग ठरवा. नव्या करप्रणालीत असाल आणि घरात स्वतः राहणार असाल तर ही वजावट तशीही मिळत नाही; मग सवलत निर्धास्त घ्या. वहिनी शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "पण घर दोघांचं आहे ना?" तिथे चर्चा संपली, दोघांची नावं लागली, ७ टक्के.

पैसे भरायचे ते सरकारच्या ग्रास प्रणालीतून ई-चलनाने. चलनावर खरेदीदाराचं नाव आणि पॅन अचूक हवं. एजंट 'मी भरतो, तुम्ही मला पाठवा' म्हणाला तर नको म्हणा. स्वतःच्या नेट बँकिंगमधून भरा. करारावर सही करण्याआधी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी शुल्क भरलेलं असायला हवं. नंतर कमी भरल्याचं निघालं तर तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड बसतो.

४. नोंदणी फी

किमतीच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. ३० लाखांच्या वरच्या कुठल्याही घराला ३० हजारच. याशिवाय पानांच्या संख्येवर दस्त हाताळणी शुल्क असतं. बिल्डरचा करारनामा जोडपत्रांसकट शे-सव्वाशे पानांचा सहज होतो, तेव्हा काही हजार बाजूला ठेवा.

५. जीएसटी

बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के. परवडणाऱ्या घराला १ टक्का. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि कार्पेट क्षेत्र महानगरांत ६० तर इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत. या कामापुरतं पुणे महानगर नाही! मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर यांनाच महानगर धरलंय. त्यामुळे पुण्यात ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट कार्पेटपर्यंतचं घर चालतं. क्षेत्राची अडचण इथे कुणाला येत नाही, अडतं ते ४५ लाखांवर. आणि त्या ४५ लाखांत बिल्डर घेत असलेल्या इतर रकमाही मिळवल्या जातात. ४४ लाख किंमत आणि वर ३ लाख पार्किंग-क्लब, असं असेल तर १ टक्का विसरा.

भोगवटा पत्र मिळाल्यावर पहिला रुपया दिला तर जीएसटी शून्य. त्याआधी बुकिंगचे लाखभर रुपये जरी दिले असतील तरी मात्र सगळ्या किमतीवर लागतो. इमारत दोन महिन्यांत पूर्ण होणार असेल तर थांबणं परवडतं का, हे विचारण्यासारखं आहे. बिल्डर तोवर भाव वाढवेल म्हणतो. बघा, दोन्ही आकडे समोरासमोर मांडून बघा. रिसेलला जीएसटी नाहीच.

हा कर एकदम नाही, प्रत्येक हप्त्यासोबत जातो. काही बँका तो कर्जाच्या हिशेबात धरतात, काही धरत नाहीत. आपल्या बँकेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. काउंटरवरचं 'होऊन जाईल सर' धरून चालू नका.

६. टीडीएस: खर्च नाही, पण चुकला तर खर्च

किंमत किंवा सरकारी मूल्यांकन ५० लाख किंवा अधिक असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कापून आयकर खात्यात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. वरचे पैसे लागत नाहीत, किमतीतूनच कापायचे. पण पुष्कळ नवखे लोक पूर्ण रक्कम देऊन मोकळे होतात आणि वर्षभराने नोटीस येते.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. किंमत आणि मूल्यांकन यांत जे जास्त त्याचा १ टक्का. आईच्या फ्लॅटला ५२ नाही, ५५ लाखांचा, म्हणजे ५५ हजार. पार्किंग, क्लब, वीज-पाणी जोडणी अशा रकमाही किमतीत धरतात. बांधकामाधीन घराला प्रत्येक हप्त्यावर वेगळा कापायचा, बँकेने परस्पर दिलेल्या हप्त्यावरसुद्धा. तो २६-क्यूबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चलन-अर्जाने, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर चार अर्ज, कारण प्रत्येक जोडीचा वेगळा. उशिराला दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क, शिवाय व्याज.

विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू नाही. तिथे दर बराच मोठा असतो. बाणेर-औंधकडे अमेरिकेतल्या मुलांच्या नावावरची घरं विकायला असतात; टोकन देण्याआधी मालक परदेशात राहतो का ते विचारा आणि 'हो' आलं तर थेट सीए गाठा.

आणि रोखीचं. "पाच लाख कॅश द्या, करार तेवढ्याने कमी करू, तुमचं शुल्कही वाचेल" हे वाक्य रिसेलमध्ये एकदा तरी ऐकू येतं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान वेगळंच: उद्या तुम्ही विकाल तेव्हा ते पाच लाख तुमच्या खरेदी किमतीत दिसणार नाहीत आणि नफ्यावरचा कर तुम्ही भराल.

७. कॉस्ट शीटच्या खालच्या ओळी

मावसभावाच्या कागदावर वर मोठ्या अक्षरात 'सर्वसमावेशक किंमत' होतं आणि त्यावर एक बारकी चांदणी. चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात: मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी आणि 'इतर आकार' वेगळे. सर्वसमावेशकमध्ये मग समावेश कशाचा, हे त्या विक्रीवाल्या मुलालाही सांगता येईना.

'इतर आकार' उलगडून मागितले तेव्हा निघाले: सोसायटी स्थापना, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, वीज मीटर, 'कायदेशीर खर्च'. मिळून २ लाख १० हजार, आणि वर १८ टक्के जीएसटी. एकूण २ लाख ४७ हजार ८००.

यातलं काय घासाघीस करण्यासारखं असतं? माझ्या अनुभवात 'कायदेशीर खर्च' ही ओळ सगळ्यात पोकळ. तुमचा वकील तुम्ही वेगळा करणारच आहात, मग बिल्डरच्या वकिलाने एकच छापील मसुदा शंभर जणांना दिला त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे? मागे लागलं की बहुतेक वेळा ही रक्कम उतरते. आगाऊ मेंटेनन्स सहसा उतरत नाही, पण तो सोसायटीसाठी घेतलेला पैसा आहे. सोसायटी झाल्यावर हिशेब देऊन उरलेली रक्कम तिच्याकडे वर्ग झाली पाहिजे. अशा रकमांसाठी करारनाम्यात स्वतंत्र परिच्छेद असतो. कॉस्ट शीटमधली प्रत्येक ओळ त्या परिच्छेदात आहे का, ते ताडून बघा. परिच्छेदात नसलेली रक्कम पुढे ताब्याच्या वेळी मागितली तर बोट ठेवायला जागा राहते. कुठल्या रकमेवर १८ टक्के लावलेत आणि का, हे ओळवार लिहून घ्या.

उघडी पार्किंग विकता येत नाही, हेही इथेच सांगतो. आणि रेरानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. 'आधी २० टक्के भरा, नोंदणी पुढच्या महिन्यात' याला उत्तर एकच: आधी नोंदणी.

एजंटमार्फत घेत असाल तर दलाली १ ते २ टक्के आणि एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के. नव्या प्रकल्पांत एजंटला पैसे सहसा बिल्डर देतो; दोघांकडून घेतले जात नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

८. वकील

इथे पैसे वाचवू नका. मालकीच्या जुन्या नोंदी तपासून केलेला तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्या. बँकही स्वतःचा वकील लावते आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेते, पण तो बँकेचं हित बघतो. आईच्या फ्लॅटसाठी मी १२ हजार दिले आणि वकिलांनी मधल्या एका करारावर शुल्क कमी भरल्याचं शोधलं. ती तूट आणि तिचा दंड विकणाऱ्याने भरल्यावरच आम्ही पुढे गेलो. ते तसंच राहिलं असतं तर आमच्या गळ्यात आलं असतं. रिसेलमध्ये पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे मूळ करार, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), अशी साखळी मागायची ती यासाठीच.

९. नोंदणीचा दिवस

पुण्यात नव्याने आलेल्यांना प्रश्न पडतो की घर कोथरूडला आणि कागदावर 'हवेली' का? तालुक्याच्या नावावरून शहरातल्या दुय्यम निबंधक कार्यालयांना हवेली क्रमांक अमुक असं म्हणतात. यातल्या कुठल्याही कार्यालयात शहरातल्या मिळकतीचा दस्त नोंदवता येतो. घराजवळचं नाही, कमी गर्दीचं निवडा. बऱ्याच नव्या प्रकल्पांत ई-नोंदणीची सोय असते, तिथे बिल्डरच्या ऑफिसातच काम होतं.

दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरलेली असते, तिचा अकरा अंकी क्रमांक वकील घेऊन येतात. तुम्ही न्यायचं: पॅन, आधार, चलनाची प्रत, आणि ओळख पटवणारे दोन जण त्यांच्या ओळखपत्रांसकट. ऐनवेळी बाहेर चहावाल्याला साक्षीदार करायची वेळ येऊ देऊ नका.

आईच्या नोंदणीला आमचा नंबर दुपारी दोनला लागला. फोटो झाला, सही झाली आणि अंगठ्याला मशीन अडलं. एकदा, दोनदा, पाचदा. हिरवा दिवा लागेना. मागे रांग चुळबुळायला लागली. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली, जणू घरच हातातून चाललंय. ऑपरेटर मुलगी मान वर न करता म्हणाली, "आजी, अंगठा कपाळाला घासा." आईने घासला. कपाळाचं तेल लागलं आणि पहिल्या झटक्यात दिवा हिरवा. "रोज दहा आज्या येतात," ती म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली.

दस्त हातात आल्यावर तिथेच, कार्यालयाच्या पायरीवर उभं राहून सूची क्रमांक दोन वाचा. नाव, फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर, क्षेत्र, किंमत. नंतर चूक सापडली तर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त नोंदवावा लागतो, पुन्हा दोन्ही बाजू, पुन्हा साक्षीदार. बिल्डरचा माणूस दुसऱ्यांदा यायला किती महिने लावतो, ते विचारू नका.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करायचा असतो. त्यानंतरचे चार महिने दंड भरून मिळू शकतात, नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत.

१०. कर्जाचे कागद

प्रक्रिया शुल्क, बँकेच्या वकिलाचे आणि मूल्यांककाचे पैसे, आणि गहाणखताचं मुद्रांक शुल्क, जे मोठ्या कर्जावर साधारण ०.३ टक्के पडतं. मावसभावाच्या ५४ लाख ४० हजारांवर १६ हजार ३२० रुपये. याखेरीज मूळ कागद बँकेत ठेवल्याची सूचना ३० दिवसांत निबंधकांकडे दाखल करायची असते, तिची फी वेगळी. बँकेचा एजंट हे करून देतो. पावती मात्र मागून घ्या. प्रक्रिया शुल्क सणासुदीला माफ होतं, विचारायला लाजू नका.

११. सोसायटी की अपार्टमेंट?

रिसेल घेताना सोसायटी 'हस्तांतरण निधी' मागते. महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे, ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार. त्याशिवाय ५०० हस्तांतरण फी आणि १०० प्रवेश फी. 'इमारत निधी', 'ऐच्छिक देणगी', 'रंगकाम' अशा नावांनी वर मागितलं तर ते परिपत्रक पुढे करा. आमच्याकडे सेक्रेटरी काकांनी ५० हजार ऐच्छिक सांगितले होते. मी विचारलं, "ऐच्छिक म्हणजे माझ्या इच्छेने ना?" काका हसले आणि २५ हजार ६०० ची पावती फाडली.

पण पुण्यात पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालचे अपार्टमेंट असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, त्याऐवजी प्रत्येक फ्लॅटचं नोंदवलेलं अपार्टमेंट डीड असतं. विकणाऱ्याने ते केलेलंच नसेल, हे पेठांतल्या आणि कोथरूडच्या जुन्या इमारतींत दिसतं. मग आधी त्याचं डीड, मग तुमचं. तो खर्च कोणाचा, हे टोकनच्या चिठ्ठीतच लिहून घ्या.

१२. कागदाच्या मागचा हिशेब

मावसभावाचा असा झाला:

मुद्रांक शुल्क ७ टक्के: ४,७६,०००
नोंदणी फी: ३०,०००
जीएसटी ५ टक्के: ३,४०,०००
बिल्डरचे इतर आकार करासह: २,४७,८००
गहाणखताचं शुल्क: १६,३२०

बेरीज ११ लाख १० हजार १२०. वकील, हाताळणी शुल्क, प्रक्रिया शुल्क अजून बाहेरच. त्यात स्वतःचे २० टक्के, १३ लाख ६० हजार, मिळवले की साधारण पावणेपंचवीस लाख. त्याच्याकडे होते चौदा. पेढ्याचा पुडा तसाच टेबलावर राहिला होता.

जीएसटी आणि इतर आकार हप्त्याहप्त्याने जाणार होते, म्हणून लगेच लागणारी रक्कम थोडी खाली आली. 'कायदेशीर खर्च' उतरवून घेतला. तरी त्याने शेवटी बुकिंग चार महिने पुढे ढकललं आणि लातूरचं सोनं मोडायचं नाही असं ठरवून एक भिशी आणि एक मुदत ठेव संपण्याची वाट बघितली. जुन्या करप्रणालीत असाल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आयकरातल्या ८०-सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वजावटीच्या दीड लाखात बसते, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. नव्या प्रणालीत काही नाही.

१३. किल्ली मिळाल्यावर

महावितरणच्या बिलावर नाव बदलायला सूची दोनची प्रत लागते, आणि सुरक्षा ठेवीचं काय करायचं ते विकणाऱ्याशी आधी ठरवा. रिसेलला मालमत्ता कराची थकबाकी महापालिकेच्या संकेतस्थळावर बघून मगच शेवटचा चेक द्या. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते आणि ती घराला चिकटते, माणसाला नाही.

कराला स्वतःचं नाव लावून झालं की पीटी-३ अर्ज भरा. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे. मध्ये ती बंद झाली होती, २०२३ मध्ये परत आली. पण ती आपोआप मिळतेच असं नाही, स्वतः राहतो हे दाखवावं लागतं: सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड असं काहीतरी. पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका, तिथले नियम वेगळे. आईचा पीटी-३ मी क्षेत्रीय कार्यालयात नेऊन दिला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी पोच देताना सांगितलं, "पोच जपून ठेवा, पुढच्या बिलात सवलत दिसली नाही तर हीच घेऊन या." पुढच्या बिलात दिसली नाही. पोच होती, गेलो, त्याच आठवड्यात दुरुस्त बिल मिळालं.